मामांच्या मशीनचा दुसरा हात

बायको गेली तेव्हा आमच्या लग्नाला तिसरं वर्ष चालू होतं. ताप मेंदूत गेला, एवढंच मला नीट सांगता येतं. मूलबाळ नव्हतं. तेरावं झालं, पाहुणे गेले आणि मी भातसानगरच्या क्वार्टरमध्ये एकटा राहिलो. धरणावर यांत्रिकीत कामाला होतो. दरवाज्यांच्या साखळ्यांना ग्रीस लावायचं, मोटारी तपासायच्या, घरी येऊन भात टाकायचा. लोक म्हणायचे, मोकळा हो, रड. मला रडू येत नव्हतं. आतून काहीच येत नव्हतं. दात काढल्यावर गाल बधिर होतो आणि आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं सगळं अंग होतं.

अशात एका सकाळी मुरबाडकडून माझे सासरे आले. मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांचं गाव सिद्धगडाच्या पायथ्याशी. भातशेती होती, आणि कॅसेटी येईपर्यंत आसपासच्या लग्नांना लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. एसटीतून उतरले ते गोणपाटात गुंडाळलेलं रेकॉर्डचं मशीन घेऊन. दुसऱ्या हातात सागाची रुंद फळी.

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "जावय, तुमच्याकडं ड्रिल हाय ना?"

"आहे."

"मग याला दुसरा हात बसवू."

मी का म्हणून विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही. बरं म्हणालो आणि ड्रिल काढलं.

मशीनला एकच हात होता, म्हणजे पिन धरणारा तो दांडा. त्याची पिन बारीक, नव्या लाँगप्ले रेकॉर्डींसाठी. मामांकडे जुन्या लाखेच्या जाड रेकॉर्डीही होत्या. त्यांची खाच रुंद, त्यांना जाड पिन लागते. जाड रेकॉर्डीवरून लाँगप्लेवर जायचं तर दर वेळी दांड्याचं पिनेसकट डोकं काढून दुसरं लावायचं. एका मोडलेल्या रेडिओग्रामचा जुना वजनदार हात त्यांनी कधीतरी मिळवून ठेवला होता. तो जाड रेकॉर्डींसाठी, आणि पहिला कायमचा लाँगप्लेसाठी, असा त्यांचा बेत.

मूळच्या लाकडी पेटीवर जागा नव्हती, म्हणून ती फळी. आधी फळीला मशीन बसेल एवढं भोक कापलं. मग मधल्या खुंटीला नव्या हाताच्या लांबीहून किंचित आखूड सुतळी बांधून मी पेन्सिलीने वर्तुळ काढलं. नव्या हाताचा खांब खुंटीपासून तेवढ्याच अंतरावर हवा. पिन खुंटीच्या किंचित पुढे पोचली पाहिजे, म्हणजे ती खाचेत सरळ चालते. वर्तुळावर खांब कुठेही चालतो, असं मी धरून चाललो. डाव्या अंगाला मागे भोक पाडलं. हात बसवला, फिरवला, तर तो पहिल्या हाताच्या खांबाला जाऊन आपटला.

मामा म्हणाले, "दुसरं पाडा."

मी आणखी थोडं डावीकडे दुसरं पाडलं. आता दोन्ही हात एकमेकांना न लागता फिरू लागले. पहिलं भोक तसंच राहिलं.

त्या दिवशी एवढंच झालं. मी डाळभात केला. दोघं जेवलो. तिचं नाव दोघांनीही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवरून आलो तेव्हा मामा ओट्यावर मशीन मांडून बसले होते. नवा हात मागच्या बाजूने हलका पडत होता, त्यामुळे पिन रेकॉर्डवर फार दाबत होती. त्यांनी शेजारच्या मासे धरणाऱ्याकडून जाळ्याची शिशाची गुंडी मागून आणली होती. ती दांड्याच्या मागच्या टोकाला तारेने बांधायची, हात अधांतरी तरंगेल असं करायचं, मग गुंडी जराशी पुढे सरकवून पिनेला हवं तेवढंच वजन द्यायचं. मी वाकून बघत होतो, ते सरकवत होते.

तेव्हा ते सांगायला लागले. मान खालीच.

"तुमच्या लग्नाला मशीनवर मीच होतो. दुसरा माणूस ठेवला नव्हता. पोरीच्या लग्नात गाणी मीच वाजवणार, असा हट्ट. पाठवणीला सनई लावायची होती. ती लाँगप्लेवर. त्याच्या आधी जाड रेकॉर्ड चालू होती. मी खाली बसून डोकं बदलत होतो. स्क्रू हातातून पडला मातीत. तो शोधून लावला, पिन टेकवली, वर बघितलं तर जीप गेलेली."

मला जीप आठवत होती. बायको पुढे माझ्या शेजारी बसली होती आणि मागे वळून विचारत होती, "बाबा कुठं हायेत?" कुणीतरी म्हणालं, मशीनवर हायेत. मग ड्रायव्हरने गाडी काढली.

हे मामांना सांगावं की नाही, याचा मी विचार केला. मग सांगितलं.

"तिने विचारलं होतं. बाबा कुठं म्हणून."

मामांचा हात थांबला. गुंडी बोटांत तशीच. म्हणाले, "विचारलं ना. बरं झालं." आणि परत तार पिळायला लागले.

दोन्ही हातांच्या वायरी एका बटणावर आणल्या, खाली केलं की हा, वर केलं की तो. आधी नुसतीच घरघर आली. मी अर्थिंगची वायर नळाला जोडली, मग थांबली. मामांनी जाड रेकॉर्ड लावली. ओट्यावर लग्नाचं गाणं वाजू लागलं.

शेजारच्या काकू लगेच दारात आल्या. "अहो, महिना नाय झाला आणि गाणी लावता? लोक काय म्हणतील?"

मामा म्हणाले, "गाणी नायत ताई. टेस्टिंग हाय."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मला ना लाज वाटली ना राग आला. मी म्हटलं, "टेस्टिंग आहे." त्या गेल्या.

मग मामांनी जाड रेकॉर्ड उतरवून सनईची लाँगप्ले चढवली, वेग बदलला, बटण उलटं केलं, पहिला हात उचलून टेकवला. डोकं बदलायचं नव्हतं, स्क्रू नव्हता. टेकवून ते उभे राहिले आणि रस्त्याकडे बघत राहिले. रस्त्यावर कोणी नव्हतं. कॉलनीचा पाण्याचा टँकर उभा होता. सनई संपेपर्यंत ते उभेच होते. मीही उभा राहिलो, बसणं बरं दिसलं नसतं म्हणून.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना शहापूरला मुरबाडच्या गाडीत बसवून दिलं. मशीन मांडीवर. खिडकीतून म्हणाले, "जावय, दुसरं लग्न करा. मीच बघतो मुलगी." चहा घेणार का म्हटल्यावर म्हणावं तसं मी बरं म्हणालो.

त्यांनी खरंच दोन ठिकाणी बोलणी केली. मी गेलो, पोहे खाल्ले, दोन्हीकडे नकार आला, की मीच कळवलं नाही, आता आठवत नाही. पुढे तो विषय मागे पडला.

दोन हजारनंतर लग्नांना डीजे यायला लागले. मामांचं मशीन त्यांच्या ओटीवर असायचं. सुट्टीच्या दिवशी मी कधीमधी एसटीने जायचो. ते रेकॉर्डी लावायचे, मी पिना पुसून द्यायचो. दुपारी सासूबाई नाचणीची भाकरी वाढायच्या. संध्याकाळच्या गाडीने मी परत यायचो. हे बरीच वर्षं चाललं.