ठकूच्या बरगड्या

आधीच सांगतो, मी जनावरांचा डॉक्टर आहे. जन्माला येताना, मरताना आणि मेल्यावर कापूनसुद्धा जनावरं बघितलीत. गोठ्याच्या दाराला बिब्बा-मिरची दिसली की मी आधी मालकाला झापणार, मग जनावर बघणार. भुताखेतांच्या गप्पांत सगळ्यात जास्त चेष्टा माझीच असायची. त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं — भर सकाळी, अकराच्या उन्हात.

आम्ही कोल्हापुरात राहतो, फुलेवाडीच्या बाजूला. माझी मुलगी ईरा साडेपाच वर्षांची, सीनियर केजीत. तिला हाडांचं वेड आहे. सुरुवात झाली आमच्या पार्किंगमध्ये मेलेल्या एका साळुंखीपासून. "आता हिचं काय होणार?" तिनं विचारलं. मी खरं ते सांगितलं — मुंग्या खातील, मांस जाईल, हाडं राहतील. मग काय, बिल्डिंगमधली चार-पाच पोरं घेऊन ही बाई रोज शाळेतून आली की साळुंखीपाशी! शेवटी हाडं उरली तेव्हा म्हणाली, "पप्पा, मग मुंग्या मेल्यावर त्यांची हाडं कुठं असतात?" उत्तर माहीत होतं, पण हसू आवरेना.

तेव्हापासून जुन्या टिफिनच्या डब्यात तिचा खजिना — कोंबडीची तंगडी, माशाचा काटा, मुंगसाचा जबडा. माझी बायको सुजाता वैतागते. "अहो, लोकांच्या पोरी बाहुल्या मागतात, आपली कवटी मागते. सगळं तुमच्यामुळं!"

तर दिवाळीत आम्ही गावी गेलो होतो. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं गाव आहे. नाव लिहीत नाही, माणसं अजून हयात आहेत. शेतरस्त्यासाठी जेसीबीनं माझ्या थोरल्या चुलत्यांच्या, म्हणजे आबांच्या बांधाची कड कापली होती आणि मातीत हाडं निघाली होती. आमच्याकडं मेलेलं जनावर शेताच्या कडेलाच पुरतात, त्यामुळं मला त्यात विशेष काही वाटलं नाही. ईराला मात्र लॉटरीच लागली.

"पप्पा, हे कोण आहे?"

"म्हैस असणार."

"कशानं मेली?"

"हाडं बघून ते नेहमी कळतंच असं नाही, बाळा."

तेवढ्यात एका शेतकऱ्याचा फोन आला. त्याची गाय अडली होती. रेंज मिळेना म्हणून मी रस्त्यापर्यंत चालत गेलो, त्याला काय करायचं ते समजावलं आणि परत आलो. दहा-बारा मिनिटं गेली असतील…

परत येऊन बघतो तर ईरानं बरगड्या गवतावर मांडल्या होत्या. नुसत्या ओळीत नाही हो — डाव्या डावीकडं, उजव्या उजवीकडं, पुढच्या पुढं, मागच्या मागं. हे वाचणाऱ्यांत कुणी व्हेटर्नरीचं असेल तर त्यांना कळेल. सुटी बरगडी हातात देऊन 'डावी का उजवी, कितवी?' असं विचारलं की फर्स्ट इयरला आमची फे फे उडायची. मी गुडघ्यावर बसून एकेक तपासली. एकही चुकली नव्हती.

"हे कुणी लावलं?"

"मी."

"तुला कुणी शिकवलं?"

"ठकूनं," ती वर न बघता म्हणाली. वर्गातल्या मैत्रिणीचं नाव सांगावं तसं.



इथं थांबून नऊ वर्षांमागचं सांगावं लागेल. ठकू ही आबांची म्हैस. कागदोपत्री आणि डेअरीत तिचं नाव वेगळं होतं, धार काढताना मात्र आबा तिला 'ठकू' म्हणायचे. महिनाभर तिचं दूध कमी होत होतं आणि मग एकाएकी खाणंच जवळजवळ बंद झालं. मी नुकताच पास होऊन आलेलो. पोटाला स्टेथोस्कोप लावला, अपचन म्हणून औषध दिलं. चौथ्या दिवशी ठकू आडवी झाली. त्या दिवशी सकाळी तिला भिजवलेल्या भरड्याचं आंबोण घातलं होतं शालाकाकीनं — माझ्या धाकट्या चुलत्यांची विधवा बायको. तेव्हा गोठा सामाईक होता, पण बांधावरून दोन्ही घरांत भांडण चालू होतं. वसरीवर बसलेल्या आबांनी मला विचारलं, "डाक्टर, इख घातलं असंल काय रं?"

आणि मी म्हणालो, "असू शकतं."

एवढंच. पोस्टमॉर्टेम करायला पाहिजे होतं, पण मला शहरात परतायची घाई होती. ठकू संध्याकाळी गेली, त्यांनी तिला पुरलं, मी तिथं थांबलोही नाही. माझ्या त्या दोन शब्दांनी विषाचा आळ काकीवर आला आणि ती गावात 'इख घालणारी' झाली. लग्नाबारशाची गोष्टच सोडा, तिच्या हातचं पाणी कुणी घेईना. तिचा मुलगा कंटाळून कबनूरला यंत्रमागावर कामाला गेला तो तिकडचाच झाला. आबांनी त्या दिवसापासून म्हशीचं नाव घेतलं नाही, दुसरी म्हैस बांधली नाही. ईरा तर तेव्हा जन्मलीही नव्हती.

आता परत बांधावर या. ईरानं स्वतःच्या छातीच्या खाली, मधोमध हात ठेवला.

"तिला इथं टोचायचं. उतारावर लई टोचायचं, म्हणून ती ओढ्याकडं जायची नाही. तू तिच्या पोटाला नळी लावलीस, पप्पा. इथं नाही लावलीस."

 पोटात तार किंवा खिळा गेलेलं जनावर उतार उतरायला बघत नाही. आम्ही त्याला 'फॉरेन बॉडी'ची केस म्हणतो. टोक हृदयाकडं सरकतं. त्या वेळी मी छाती ऐकलीच नव्हती. ही गोष्ट मी तोवर कुणालाही सांगितलेली नव्हती, सुजातालासुद्धा नाही. मला स्वतःलाच ती आठवायची नव्हती…

ईरा उठली, कापलेल्या बांधापाशी गेली आणि काटकीनं एकाच जागी टोकरायला लागली. मी तिच्या मागं जाऊन उभा राहिलो. मातीचं एक ढेकूळ सुटलं. त्यात छातीच्या मधल्या हाडाचा तुकडा होता, आणि त्यात आतल्या बाजूनं रुतलेली, बोटभर लांबीची गंजकी तार.

तार काय, मातीत कुठंही सापडेल. मी स्वतःला तेच सांगत होतो. पण तारेच्या टोकाभोवती हाड गाठीसारखं फुगून आलेलं होतं. मेलेल्या जनावराचं हाड वाढत नाही. म्हणजे तार आत गेली तेव्हा ठकू जिवंत होती, आणि बरेच दिवस जिवंत होती.

ते हाड घेऊन मी तडक आबांकडं गेलो. ते कट्ट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं — इख नव्हतं, तार होती, चूक माझी होती. आबांनी हाड हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"हे तवा का न्हाई बोललास?"

"तवा मला कळलंच न्हाई, आबा."

"आनि ही ठकू हाय, हे तुला कुनी सांगितलं? तिला कुठं पुरली हे तुला म्हाईत न्हवतं."

मी ईराकडं बघितलं. ती आबांच्या काठीशी खेळत होती. मी जे झालं ते सांगितलं. आबा उठले. मग टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "चल. शालाकडं चल."

काकी अंगणात शेंगा फोडत बसली होती. आबा दारात जाऊन उभे राहिले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला हाक मारली, "शाला…"  मग मीच बोललो. तार दाखवली. माझी चूक सांगितली, माफी मागितली. काकी रडेल, शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "कुनाला घावलं हे?"

"ह्या पोरीला. आनि… काकी, तिला म्हशीचं नाव म्हाईत हुतं. कुठं दुखत हुतं ते पन. ठकूनंच सांगितलं म्हनती."

काकीच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. तिनं पदर तोंडाला लावला.

"त्या दिशी तुम्ही समदी वसरीवर बसून माझंच नाव घेत हुतासा," ती म्हणाली. "मी मागल्या दारानं गोठ्यात गेल्ते. तिचा जीव जाईना हुता. मी तिच्या कानात बोलले, ठकाबाई, मी तुला काय घातलं न्हाई, तुला म्हाईत हाय. माझं हितं कोन ऐकत न्हाई. तू तरी सांग."

मग तिनं आबांच्या हातातून ते हाड घेतलं, मांडीवर ठेवलं आणि त्याच्यावरून हात फिरवत म्हणाली, "लई उशीर लावलीस की गं, बाई…"

आबा तिथंच उंबऱ्यावर बसले. मी माझ्या मोठ्या चुलत्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं. ईरा मात्र काकीच्या मांजराच्या मागं घरामागच्या परड्यात पळाली होती.

आता ईराला विचारलं तर तिला काहीच आठवत नाही. "कोण ठकू?" म्हणते. सुजाताचं म्हणणं, गावात कुणाच्या तरी तोंडून ऐकलं असेल. धरून चालू. बरगड्या योगायोगानं जुळल्या, तेही धरून चालू. पण मी छातीला नळी लावली नव्हती, हे गोठ्यात त्या वेळी दोघांनाच माहीत होतं. एक मी, आणि मी ते त्या सकाळपर्यंत कुणाशी बोललो नव्हतो.

मी अजूनही जनावरं तपासतो, अजूनही प्रत्येक गोष्टीला कारण शोधतो. ह्याचं कारण मला सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा… खरंच लिहा.