वन्यजीवनाच्या कपाटात

कॉलेजच्या ग्रंथालयात आफ्रिकेतल्या माली साम्राज्यावरचं पुस्तक मला वन्यजीवनाच्या कपाटात सापडलं, सिंह आणि पाणघोड्यांच्या मधोमध. एरवी मी टेबलावर मूठ आपटली असती. आज नुसता बघत राहिलो.

आफ्रिकेच्या इतिहासाचा पेपर इथे मी भांडून आणला. सायकलींची पंक्चरं काढत एम.ए. झालेल्या माणसाला घासाघीस जमते. प्राचार्य म्हणाले, पंधरा मुलं हवीत. मी त्यांना आठवर आणलं. यंदा तिघांनीच नावं दिली आणि काल पेपर बंद झाला. मला कुणी विचारलंही नाही.

"हे इथे कुणी लावलं?" मी ग्रंथपाल पवारबाईंना विचारलं.

"मीच. आफ्रिका म्हटलं की मुलं इकडेच येतात, सर. इतिहासाकडे तुमच्याशिवाय फिरकतंय कोण?"

ज्यांनी शहरं वसवली, घराघरांत हस्तलिखितं जपली, त्या माणसांना आपण जंगलात नेऊन ठेवतो, हे मी वर्गात किती वर्षं तावातावाने सांगितलं. आज तेच वाक्य मनात आलं आणि बधिर झालेल्या पायासारखं ते माझं मलाच जाणवलं नाही.

"पण इथे ठेवल्यापासून चौघांनी नेलं हो," बाई म्हणाल्या.

"चौघांनी?"

माझ्या वर्गापेक्षा एक जास्तच. मी इतिहासाच्या कपाटातली आफ्रिकेवरची उरलेली पाच पुस्तकं काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हीही तिकडेच लावा."

"राग गेला वाटतं?"

"नाही गेला. आणि वरच्या फळीवर टाकू नका, हाताला येतील अशी लावा."