बाटलीवरच्या बाई

रसायनशास्त्राच्या बाईंना थापांची शिसारी होती. कुणी ठोकून दिलेलं ऐकलं, की नासलेलं दूध नाकाशी आल्यासारखं त्यांना व्हायचं.

त्या दिवशी त्या नववीच्या वर्गावर होत्या. "हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन एकच. म्हणून तर तो हायड्रोजन. आता त्याच्या शेजारी एक न्यूट्रॉन येऊन बसला, तर?"

"वजन वाढेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि नाव?"

"तेच."

"शाब्बास. प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमीजास्त. असे अणू म्हणजे समस्थानिकं."

पुढच्या बाकावरच्या मुलीने दप्तरातून बाटली काढली. "बाई, मग यातले जड अणू तुम्हीच काढलेत ना? माझे आजोबा हेच पितात. मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्यात त्यांनी."

बाटलीवर बाईंचा हसरा फोटो. खाली छापलेलं: 'जड हायड्रोजनमुक्त पाणी. तज्ज्ञांची पसंती.'

बाईंनी ते पुन्हा एकदा वाचलं. हा उद्योग धाकट्या दिराचाच. मध्यंतरी तो स्वयंपाकघरात येऊन बसायचा, "वहिनी, समस्थानिक म्हणजे काय हो?" असं लाडीगोडीने विचारायचा. आणि बाईंनी भाजी चिरता चिरता त्याला सगळं नीट समजावलं होतं!

"जड हायड्रोजन सगळ्याच पाण्यात असतो," त्या वर्गाला म्हणाल्या. "हजारोंमागे एखादा अणू. त्याने काही बिघडत नाही, आणि तो काढून मधुमेहही जात नाही."

शाळा सुटल्यावर त्या मुलीबरोबर तिच्या घरी गेल्या. आजोबांच्या पायाचा अंगठा काळानिळा पडला होता. खोलीत वास मारत होता.

"पण फोटो तुमचा आहे की!" आजोबा म्हणाले. "नातीच्या बाई म्हणून तर घेतलं."

बाईंना त्यांच्याकडे बघवेना. रिक्षा बोलावून त्यांना दवाखान्यात पोचवलं आणि तशाच दिराच्या दुकानात शिरल्या. मागे शेवाळलेला टब, त्यात नळाची नळी, आणि दीर बाटल्या भरतोय.

"वहिनी, पाणीच आहे हो. विष थोडंच आहे?"

"म्हाताऱ्याचा पाय सडलाय, भावोजी."

"हळू बोला, गिऱ्हाईक आहे बाहेर."

बाई बाहेर गेल्या आणि दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. येईल त्याला खणखणीत आवाजात सांगू लागल्या, "फोटो माझा आहे, पाणी नळाचं आहे." शेवटी दिराने चडफडत शटर ओढलं.

आजोबांचा अंगठा काढावा लागला, पाय वाचला. नवरा म्हणाला, "घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला न्यायची?" त्याचीही त्यांना किळस आली.

पुढे एकदा दीर काही झालंच नाही अशा थाटात जेवायला आला. "वहिनी, वाढा."

"हात आहेत तुम्हाला," बाई म्हणाल्या आणि आपलं ताट उचलून आत गेल्या.