गॅलरीचा उतार आणि उजवीकडे जाणाऱ्या गोळ्या

ऐंशीच्या दशकातली, आमच्या डोंबिवलीच्या घरातली गोष्ट. तुमच्या आईच्या कॉलेजात नेमबाजीच्या संघासाठी चारच मुली निवडायच्या होत्या, आणि तिला त्यातली एक व्हायचंच होतं. दर रविवारी ती कल्याणपलीकडच्या चांदमारीवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, सरावाला जायची आणि तोंड पाडून परत यायची. तिच्या गोळ्या एकमेकींना चिकटून लागत, पण सगळ्या मधल्या काळ्या वर्तुळाच्या उजवीकडे आणि जरा खाली.

शिकवणारे हवालदार म्हणत, "बेटी, बंदूक उजवीकडे कलतेय तुझी."

"नाही सर, अगदी सरळ धरलीय!"

गोळी वाटेत थोडी खाली येतेच, म्हणून नळी मुळात किंचित वर रोखलेली असते. बंदूक उजवीकडे कलली, की ते वर रोखणंही उजवीकडे वळतं. गोळी उजवीकडे जाते आणि पुरेशी उचलली न गेल्याने खालीही बसते. हे तिला वहीत आकृती काढून सांगता येत होतं. पण बंदूक मुळात का कलते, ते कळत नव्हतं.

घरी ती रोज गॅलरीत पालथी पडून, कपडे वाळत घालायची काठी खांद्याला लावून सराव करी. एका सकाळी कुंडीला पाणी घालताना माझ्या हातून तांब्या कलंडला. पाणी तिच्या पोटाखालून थेट उजव्या कोपराकडे धावलं.

"आई गं! भिजवलंस ना मला!"

"अगं, पाणी कुठे गेलं ते बघ आधी!"

पाणी वाहून जावं म्हणून बिल्डरने गॅलरीला उतार दिला होता, तोही सढळ हाताने. महिनाभर त्यावर पडून तिला तिरपं तेच सरळ वाटू लागलं होतं.

तुमचे आजोबा म्हणाले, "गॅलरी सरळ केली तर पाणी घरात येईल. तूच सरळ हो."

मग बाहेरच्या खोलीत सतरंजी घातली आणि दाराच्या चौकटीला दोऱ्याने कुलूप टांगलं. काठीच्या टोकाला तिने एक फूटपट्टी उभी बांधली होती, ती त्या दोऱ्याशी जुळवून बघायची. "आता डावीकडे कलल्यासारखं वाटतंय गं."

"वाटू दे. दोरा खोटं बोलत नाही."

आठ दिवस आजोबा तिला ओलांडून स्वयंपाकघरात चहाला येत होते.

निवडीच्या रविवारी ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत आली. चौथा नंबर! हवालदारांनी विचारलं होतं म्हणे, "बेटी, किसने सिखाया?"

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, आईच्या तांब्याने."