झाडाखाली राहिलेली फुलं

माझी ही गेली त्या वर्षी मी वाघोबाला नारळ दिला नाही. चैत्रात सगळा पाडा देवीच्या गडावर जायला निघाला तेव्हा मी खाटेवरून उठलो नाही. सून म्हणाली, "बाबा, देवाशी असं धरून बसू नये." मी म्हटलं, "त्याने धरलंय, मी नाही." माझं शिक्षण चौथीपर्यंत, बोलणं हे असंच. थंडीत हिला ताप आला, दवाखान्यात नेली. उशाशी देवीचा अंगारा ठेवला, बसल्या जागी नाव घेत राहिलो, आणि ही गेलीच. मग मी नाव घ्यायचं सोडलं. भांडण वगैरे काही नाही. दमलो होतो. ज्याला हाक मारायची तो ऐकत नाही, तर घसा कशाला सुकवायचा, असं वाटायचं.

आमचा पाडा कैनाडच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. पालघर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. फाल्गुन सरता सरता मोह फुलला. आमच्याकडे मोहाचं झाड जंगलात असलं तरी ते कोणाच्या घरचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. आमचा मोह डोंगराच्या मागच्या अंगाला, सुक्या ओहोळात. माझ्या आईने तो हिच्या हवाली केला होता. ही दर वर्षी खालचा पाचोळा झाडून अंगणासारखी जागा करायची आणि पहाटे फुलं टपटपायला लागली की टोपली घेऊन बसायची. पहिली ओंजळ वाटेवरच्या वाघोबाच्या दगडापुढे. त्या वर्षी सून म्हणाली, "मी जाऊ का वेचायला?" मी नको म्हटलं. हिच्या जागी दुसरं कोणी वाकलेलं मला बघवलं नसतं. पडू दे, म्हटलं. कुजू दे.

पाडा गडावरून परतला, त्याच दिवसांत मुंबईकडचा एक माणूस आमच्या डोंगरात हरवला. चाळिशीचा, एकट्याने डोंगर फिरायचा नाद. घोलवडला गाडीतून उतरला, चिकू घेतले, रिक्षाने पाड्यापर्यंत आला आणि माझ्याच अंगणातून वर गेला. मी खाटेवर होतो. त्याने हात केला, मी नुसता बघत राहिलो. संध्याकाळी तो उतरला नाही. फोन लागेना. दुसऱ्या दिवशी पोलिस आले, जंगलखात्याचा गार्ड आला, त्याच्यासारखीच डोंगर चढणारी माणसं आली आणि त्याची बायको आली. ती येऊन आमच्या ओट्यावर बसली ती बसूनच राहिली.

आमचा डोंगर त्या दिवसांत भाजून निघतो. साग उघडे पडतात, ओहोळ कोरडे, दगडाला हात टेकला तर चटका. गार्ड म्हणाला, "आजोबा, तुम्ही इथले जुने. अशा वेळी माणूस कुठे जाईल?" मी म्हटलं, "पाण्याकडे. दुसरीकडे कशाला मरायला जाईल?" सगळ्यांना ते पटलं. पुढच्या अंगाला खडकात एक झरा तेवढा उरलेला असतो. तिकडेच सगळे गेले, हाका मारल्या, ते भिरभिरणारं ड्रोनही तिकडेच फिरवलं. मागच्या अंगाला पाण्याचा थेंब नाही, म्हणून तिकडे कोणी गेलं नाही. मलाही बरं वाटलं. तिकडे माझं काय काम?

मी शोधायला का गेलो ते सांगतो. दया आली म्हणून नाही. ती बाई ओट्यावर बसलेली, आणि मला माझ्याच ओट्यावर बसवेना. सुनेने कोरा चहा दिला, तो तिच्या हातात निवून गेला. मला म्हणाली, "काका, ते सापडतील ना?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक. माझी तर माझ्या डोळ्यांसमोर होती, तरी हाताला लागली नाही." सुनेने कपाळावर हात मारला. पण ती बाई रडली नाही. जरा सरकली, बाजूला जागा केली आणि म्हणाली, "बसा." मी बसलो. दोघंही डोंगराकडे बघत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी गार्ड हळूच मला म्हणाला, "आजोबा, आता हाका मारून उपयोग नाही. आता वासावर बघायचं." त्या दिवशी संध्याकाळी शोध थांबवणार होते. मी त्यांच्याबरोबर निघालो, पण वाघोबाच्या दगडापाशी पोचेपर्यंत माझे पाय गेले. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. दगडाला टेकून बसलो. शेंदूर सुकलेला, पुढे एक फूल नाही. ही गेल्यापासून मी तिथे पहिल्यांदा बसत होतो. हात जोडले नाहीत. तोंडातून एवढंच आलं, "मी दमलो. माझं काही मागणं नाही. ओट्यावरच्या त्या बाईचं काय ते तू बघ."

मागच्या वाटेने एक म्हातारी आली. डोक्यावर मोहाने भरलेली टोपली, लुगडं गुडघ्यापर्यंत.

"काय रे म्हाताऱ्या डोसा, वाघोबाला राखत बसलास का?"

मी दगडाचा टेका सोडला नाही.

"तो ओहोळातला मोह तुमचा ना? लाज वाटत नाही? सगळा कुजायला लागलाय, वास सुटलाय. घरात बाईमाणूस नाही काय?"

"नाही," मी म्हटलं. "गेली."

तिने डोक्यावरची टोपली सावरली. "गेली तर गेली. फुलं काय तिच्यासाठी झाडावर थांबणार? जा, बघून तरी ये. आम्ही हात नाही लावला, आम्ही चोर नाही."

"तू कुठली?"

"झरी गावची. लेकीकडे आलेय," म्हणाली आणि उतरून गेली.

मला असा राग आला की त्या रागानेच उठलो. कुजलाय तर कुजलाय, डोळ्यांनी बघून येतो. ओहोळात उतरलो तसा तो गोड, आंबूस वास नाकात शिरला. झाडाखाली पाचोळ्याचा थर, त्यावर फुलांचा थर, खालची काळी पडलेली, वरची त्याच पहाटेची, पिवळी, रसाने फुगलेली. मी उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं आणि काही दिसेना. मग दिसलं की मुळांच्या बाजूला एक जागा साफ आहे. हात पोचेल तेवढ्या घेरातलं एकही फूल उरलेलं नाही. आणि मुळांच्या कपारीत तो माणूस. पाय सुजून खांबासारखा झालेला, ओठ फुलांच्या रसाने चिकट. वरच्या कड्यावरून घसरून पडला होता, आणि सरपटत जेमतेम त्या झाडापर्यंत आला होता. डोळे उघडले, आवाज नुसता घरघरत होता. म्हणाला, "काका, ही फुलं कोणाची? मी खाल्ली."

मी म्हटलं, "माझ्या बायकोची. खा." आणि तिथेच पाचोळ्यात बसून रडलो. हिला अग्नी दिला तेव्हाही रडलो नव्हतो. मग उठून जंगलात घालतात तशी लांब कूक घातली, पलीकडून गार्डने ओ दिली. झोळीत घालून त्याला उतरवला. ओट्यावरची ती बाई उठून धावली नाही. मीच तिचा हात धरून नेली.

सून नंतर म्हणाली, "बाबा, मला वेचायला जाऊ दिलं असतं तर तो पहिल्याच पहाटे सापडला असता." खरं आहे. आणि वेचून झाल्यावर तो तिथे येऊन पडला असता तर त्याला खायला काही उरलं नसतं, हेही खरं आहे. मी पुष्कळ दिवस हे उलटसुलट करून बघितलं. मग सोडून दिलं. देवाने माझीच का नेली आणि तिचा का ठेवला, हेही विचारायचं सोडलं. मी जे केलं त्याच्यातही मी नव्हतो, जे केलं नाही त्याच्यातही नव्हतो. एवढंच मला कळलं, आणि माझ्यासारख्याला तेवढं पुष्कळ झालं. झरीला जाऊन त्या म्हातारीची चौकशी कर, असं लोक म्हणाले. मी नाही केली. तिने सांगितलं ते मिळालं, मग आता कशाला?

पुढच्या वर्षी दोघं नवराबायको नारळ घेऊन आली. तो काठी टेकत वाघोबापर्यंत चढला. मी ताजी फुलं पुढे केली तर हात जोडून म्हणाला, "काका, या जन्मात पुन्हा नको." त्याची बायको इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

आता मीच वेचतो. कंबर धरते, पण जातो. झाडाखालची अर्धी जागा झाडतो, अर्धी तशीच ठेवतो. सून म्हणते, "लोक हसतात, म्हातारा आळशी झाला म्हणतात." म्हटलं, हसू दे. पहिली ओंजळ हिच्यासारखीच दगडापुढे ठेवतो. मागत काही नाही. दमतो फार. तिथेच टेकून बसतो आणि म्हणतो, तू बघ.