सामानापाशी

"हिला गौरीकुंडाला सामानापाशी ठिऊ."

आप्पा हे माझ्याकडे न बघता म्हणाले. मी तिथंच होते, चार हातांवर, चहाचा ट्रे धरून. मारुतीच्या देवळात केदार-बद्रीच्या यात्रेची बैठक बसली होती. गावातून पहिल्यांदाच बस निघणार होती. कुणाला घोडा, कुणाला डोली, सगळं वहीत लिहिणं चाललं होतं. केदारनाथाची चढण गौरीकुंडापासून लागते, आणि मला तिथंच थांबायचं होतं.

"आन बद्रीला?" कुणीतरी विचारलं.

"तितं बस देवळापतूर जाती. घिऊ तिचं बी उरकून."

सगळे हसले. मी कप वाटत राहिले. आजही मला त्या लोकांपेक्षा माझ्या त्या हातांचा राग येतो. निदान एक कप तरी सांडायचा होता.

आम्ही धनगर. जमिनीचा तुकडा नाही. आप्पांच्या घरी मी नऊ वर्षं कामाला होते. गोठा, धुणं आणि त्यांच्या आईचं सगळं. गाव त्यांना आक्का म्हणायचं. आक्कांना केदारनाथ करायचा होता, पण पायांना चढायची सवय नव्हती. म्हणून आप्पांनी टूम काढली. दर सोमवारी मी आक्कांना लेण्याद्रीच्या पायऱ्या चढवायच्या. उन्हाळा तोंडावर आला तरी आम्ही चढतच होतो. त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर. "तू हाईस म्हून मी केदार बघीन," त्या म्हणायच्या. मी खुळी. मला वाटलं, दोघी बघू.

मी वस्तीभर सांगून बसले. शिनोलीला माहेरी तर एसटीनं मुद्दाम जाऊन सांगितलं. आईचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. तिला धड दिसत नव्हतं, तरी महिनाभर लोकर कातली आणि हातभर घोंगडी विणून घेतली. "म्हादेवाला घाल," म्हणाली. "बर्फात बसतोय त्यो. थंडी वाजत आसंल." एवढंच तिचं मागणं. मी हो म्हणून आले होते.

बैठक झाली त्या दिवशी नवऱ्याला सांगितलं. तो आप्पांचा ट्रॅक्टर चालवायचा. म्हणाला, "खालून डोंगर तरी दिसंल का न्हाई? गप जायचं." त्याला सकाळी उठून त्याच ट्रॅक्टरवर बसायचं होतं. त्याला काय बोलणार? मी चुलीपुढं बसून रडले. देवाला जायचं तर देवाच्या आधी आप्पांची परवानगी. दाद कुणाकडं मागायची?

शेवटचा सोमवार. लेण्याद्रीच्या अर्ध्या पायऱ्या झाल्या आणि आक्का धापा टाकत बसल्या. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू खाली बसून हात जोड. मी वर तुजं नाव घीन." प्रेमानं म्हणाल्या. मी सगळा मानापमान गिळला.

"आक्का, मग आईची घोंगडी तरी न्याल का? तुमच्या हातानं घाला देवाला."

त्यांनी पदरानं घाम पुसला. मग हळूच म्हणाल्या, "अगं, मेंढराचा वास आसतो तिला. पूजेच्या सामानात कशी ठिऊ?"

त्यांच्या घरच्या जागरणाला आमच्याच घरची घोंगडी अंथरलेली. तेव्हा वास आला नव्हता. माझा खांदा धरून त्या चढत होत्या तेव्हाही नाही.

मनात आलं, सोडावं म्हातारीला इथंच. नाही सोडलं. वर नेलं, दर्शन घडवलं, जपून खाली आणलं. खाली आप्पा जीप घेऊन उभे होते.

"मी येत न्हाई," मी म्हणाले. "सामानाला दुसरं कुनी बघा."

"डोकं फिरलं का तुजं? फुकटात गंगा घडतीय."

"गंगा बी नको."

"मग उद्यापासनं कामाला बी येऊ नगं."

बस वाजतगाजत गेली. आप्पांनी दुसरी बाई नेली. नवरा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मी लोकांच्या कांद्यात रोजंदारीनं वाकले. आईला घोंगडी परत दिली तेव्हा तिनं चाचपून बघितली. "कुनी अडवलं?" म्हणाली. मला नाव सांगता आलं नाही. तिला मेंढराच्या वासाचं कसं सांगणार? दोन वर्षांनी आई गेली. केदार मी अजून पाहिला नाही. बहुतेक पाहणारही नाही.

पण त्या सोमवारापासून मला कुणी 'चल' म्हटलं की मी आधी विचारते, "कुठपर्यंत?" लग्न असो, देव असो, पुढाऱ्याचा मेळावा असो. मागं मेळाव्याची माणसं गाडी घेऊन दारात आली, "चला बाई, तुमच्यासाठीच हाय सगळं." मी विचारलं, "कुठपर्यंत? मांडवात का भांड्यांपाशी?" ती म्हणाली, "आधी बसा तर गाडीत." मी आत गेले आणि दार लावलं. पोरींनाही सांगून ठेवलंय. उत्तर मिळाल्याशिवाय गाडीत पाय ठेवायचा नाही.