बायकांचे औषध

गुडगावात नवे उपनगर उभे राहत होते. अतिदक्षता विभागाच्या काचेतून क्रेन दिसत आणि औषधी वासाच्या त्या हवेतही सिमेंटची कोरडी चव जिभेवर उतरे. सासऱ्यांना सकाळपासून खोकल्यातून रक्त पडत होते. तरुणपणी बरा झालेला क्षय छातीत जुनी जखम ठेवून गेला होता. तीच आता उघडली होती. स्टीलच्या भांड्यात फेसाळ रक्त साचे, इतके तेजस्वी लाल की नजर वळवावी लागे.

वाहणारी रक्तवाहिनी बंद करण्याची सोय दिल्लीतल्या मोठ्या रुग्णालयात होती. पण या अवस्थेत त्यांना हलवणे धोक्याचे होते. नवरा संध्याकाळच्या विमानाने परतणार होता. निर्णय माझ्याकडे आला.

डॉक्टर तरुण मुलगी होती. जमलेली गुठळी विरघळू न देणारे एक औषध ती वाफेतून फुफ्फुसात देऊ पाहत होती. "आंटी, दवा के पर्चे पर ऐसे भाप से देना लिखा नहीं है. कुछ डॉक्टर देते हैं. साँस अटक सकती है, कहीं और खून की गुठली, थक्का, बन सकता है. मैं यहीं खड़ी रहूँगी."

"असल में किसके लिए है?"

"औरतों को महीने में ज़्यादा खून जाए, तो इसी की गोली देते हैं."

सासऱ्यांनी डोळे उघडले. "बायकांचं औषध? मला?" ते खोकले. "अजून तेवढे वाईट दिवस आले नाहीत, सूनबाई."

"आलेत, बाबा."

"मुलाला येऊ दे."

"ते संध्याकाळी येतील. हे भांडं दुपारीच भरेल."

त्यांनी तोंड फिरवले. आमच्या घरात काही शब्द नव्हतेच. महिन्याचे ते चार दिवस मी देवघराकडे जात नसे आणि सासरे आपला पाण्याचा तांब्या आपण भरून घेत. वीस वर्षे हा करार आम्ही न बोलता पाळला होता. मी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि त्यांच्या पांघरुणावर ठेवली.

"हेच औषध. मी दर महिन्याला घेते. नाहीतर शाळेत शिकवायला वर्गात उभी राहू शकले नसते."

कानशिले तापली होती. आवाज मात्र मी खाली येऊ दिला नाही.

त्यांनी पट्टी बोटांनी उलटून पाहिली. "थांबतं?"

"माझं कमी होतं. तुमचं होईल की नाही, डॉक्टरांनाही ठाऊक नाही. पण तुम्ही हो म्हणा, मी सही करते."

"आणि नाही म्हणालो तर?"

"हो म्हणेपर्यंत बोलत बसेन."

"मग रक्त परवडलं," ते म्हणाले, आणि मास्क त्यांनी स्वतःच नाकावर ओढला.

वाफ सळसळू लागली. डॉक्टर त्यांच्या मनगटावर बोटे ठेवून उभी राहिली. मी प्रत्येक खोकल्यानंतर भांडे उजेडात धरून पाहत होते. दुसऱ्या वेळच्या वाफेनंतर लाल रंग मळला, मग तपकिरी झाला. पाचच्या सुमारास नुसता काळसर ठिपका उरला. डॉक्टरने लगेच दिल्लीला हलवण्यासाठी रुग्णवाहिका मागवली.

स्ट्रेचर आत चढत असतानाच नवरा धावत आला. "कोणतं औषध दिलं?"

मी बोलण्याआधी, वॉर्डबॉय आणि परिचारिकांच्या देखत, स्ट्रेचरवरून खरखरीत आवाज आला :

"तुझी बायको घेते ते."